अंक बासष्ट

पितृपक्षात मंगल कार्यालय निम्म्या दरात मिळतं,
म्हणून आमचा मेळावा पितृपक्षात.
वडगावातलं कार्यालय. स्टेजवर अजून
कुणाच्यातरी लग्नाची थर्माकोलची अक्षरं,
शुभविवाहातला 'वि' गळून खुर्चीवर बसलेला.
त्याखाली आमचा कापडी फलक:
मेघटपाली वाचक मेळावा, वर्ष तिसरं.
आणि कन्नडमध्ये, मुगिलंचे.
कुठलं नाव वर, कुठलं खाली, ह्याची बैठक झाली नाही.
शिडीवरच्या पोराच्या हाताला
जे आधी लागलं ते वर गेलं.

मी शहापुरात ब्लाउज शिवते.
दीड महिना गिऱ्हाइकांना 'उद्या' सांगून
रात्री लवणराणीचा मुकुट केला:
तुरटीचे खडे, मच्छरदाणीची जाळी,
एका इरकलीचा उरलेला काठ.
नवरा म्हणाला, ती वाईट बाई ना गे, गोष्टीतली?
म्हटलं, तिच्याकडं आख्खा समुद्र हाय.
टपाल्याकडं नुसती पिशवी.

दारात फर्नांडिस टीचर पावत्या फाडत होत्या.
त्यांनी नाव विचारलं नाही.
"राणीसाहेब, बर्री," म्हणाल्या,
आणि माझ्या पाठीत काहीतरी सरळ झालं
जे मशीनवर वाकून वाकून विसरलं होतं.

आत टपालीच टपाली!
पिग्मी गोळा करणारा निंगोजी खानापूरहून
छत्रीच्या काड्यांचे पंख लावून एस.टी.नं आलेला,
कंडक्टरनं त्याचं दीड तिकीट फाडलेलं.
निपाणीच्या तीन बहिणी, एकच शिरस्त्राण,
पाळीपाळीनं घालत.
बाहेर चौकात दोन भाषांचं जे चालतं ते चालतं.
आत भांडण एकच:
पिशवी डाव्या खांद्यावर, का उजव्या?
त्यावर एक प्लेट कुंदा सांडला.

दुपारी दिवे गेले. बरं झालं.
दुंडाप्पा कब्बूर उठले, गोकाकच्या गिरणीतून निवृत्त,
प्लास्टिकच्या पिशवीतून आणखी पिशवी, त्यातून वर्तमानपत्र,
त्यातून अंक बासष्ट.

तुम्हाला सांगायला हवं:
मराठीत एकसष्टवर छापखाना बंद पडला.
झुलता पूल तुटला, टपाली मिठाच्या समुद्रात,
पिशवीत एक पत्र तसंच, आणि 'क्रमशः'.
मी तेव्हा सातवीत होते.
त्या क्रमशःवर माझं लग्न झालं, दोन बाळंतपणं झाली,
सासरे गेले, मशीन बदललं.
आणि चाळीस मैलांवर, दुसऱ्या लिपीत,
गोष्ट पुढं गेली होती!

दुंडाप्पा दारातल्या उजेडात उभे राहून कन्नड वाचत,
निंगोजी मराठी करत, अडखळत,
पंख खाली ठेवून.
टपाली बुडाला नाही. मीठ माणसाला बुडू देत नाही.
तरंगत तरंगत तो राणीच्या पायरीशी लागला.
ते पत्र तिचंच होतं.
साठ अंक तिनं ज्याची वाट अडवली
तो तिच्याकडंच येत होता.

"हौद?" कुणीतरी मागून म्हणालं.
मग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.
मी काय करणार? डोळ्यांत पाणी,
मुकुटातली तुरटी घामानं कपाळावर उतरलेली,
ओठांवर तुरट.
पत्रात काय होतं, दुंडाप्पांना वाचता येईना;
शाई पसरलेली, भिंग लावलं तरी नुसते डाग.
निपाणीची धाकटी म्हणाली, मग आपण लिहू.
तिघांनी एकदम पेन काढलं.
तिघांचं वेगळं निघालं.
पुढच्या वर्षी ठरवायचं म्हणून ठेवलंय.

परतताना रिक्षात मुकुट मांडीवर.
गोवावेसला सिग्नलला रिक्षावाल्यानं आरशातून विचारलं,
"मावशी, नाटक व्हतं काय?"
नाही बा, म्हटलं,
टपाल आलं होतं.