वरची काडी

सहा वर्षांनी कुंडी परत घेऊन आला
कालव्यापलीकडचा शूर्ड मास्तर.
"आयव्ही म्हणून दिलीत, नेल्त्ये बाई,
भिंतीकडे ढुंकूनही बघत नाही ही.
झुडपासारखी उभी राहते नुसती,
आणि ऑक्टोबरात फुलते, माश्या घोंगावतात."

मी चष्मा पुसला. पान उलटं केलं.
पानाला बोटं नव्हती, एकच सरळ टोक.
भिंत धरायची बारीक मुळं
दांड्यावर कुठेच नव्हती.
चूक माझी.
त्या वर्षी बोस्कोपच्या जुन्या चर्चपाशी
शिडी लावून चढले होते,
भिंत संपते तिथवर,
आणि हाताला लागली ती काडी खुडली.

खाली, दगडाशी, आयव्ही पोरवयाची असते,
जे सापडेल त्याला बिलगते, वर सरकते.
वर पोचली, ऊन लागलं,
की चढायचं सोडते.
फुलते मग, फळं धरते.
तिथली काडी कुठेही खोचा,
मुळं नवी फुटतात, माती नवी, कुंडी नवी,
वय तेवढं जुनं घेऊन येते.

"म्हणजे म्हातारी विकलीत मला," शूर्ड म्हणाला.
हसलो. कॉफी ओतली.
पैसे देऊ केले, घेईना.

गेल्या मार्चात माझा उजवा खुबा बदलला.
सांधा पंचवीस वर्षं टिकेल, डॉक्टरीण म्हणाली.
मी म्हटलं, माझं झाल्यावर
मग तो कुणाला लावणार?
ती हसली नाही. नवी होती.

वडिलांनी मला चाकू दिला तेव्हा
मी नऊ वर्षांची.
डोळ्याच्या खाली, तिरका, एका दमात,
दोनदा कापायचं नाही.
ते गेले, रोपवाटिका निम्मी विकली गेली,
तो तिरका काप अजून मनगटात आहे.
आमच्या घराण्यात एवढंच कलम रुजलं.
लेक रॉटरडॅमला, क्रेन चालवतो.

शूर्ड जाताना कुंडी घेऊनच गेला.
माश्यांची सवय झालीय म्हणाला.

सकाळी पुन्हा चर्चपाशी गेले, शिडी न घेता.
पोरवयाच्या काड्या गुडघ्याखाली असतात,
ओल्या गवतात तोंड खुपसून.
वाकावं लागतं.
नवा खुबा कुरकुरत नाही.
बाकीची मी कुरकुरते.