दर दोन तासांनी

सस्कॅचवनमध्ये रस्ता वळतच नाही,
म्हणून गजर लावलाय. दर दोन तासांनी थांबायचं.
डार्सी म्हणते, झोपलाय रे ओरेस्ट, चल ना पुढे.
झोपलेल्याला उठवू नये, मलाही पटतं.

पण गेल्या मंगळवारी मी मोजलं.
घर ते पाळणाघर, पाळणाघर ते दुकान,
दुकानात ट्रॉलीवर तीच सीट, पट्टा न काढता,
घरी ओट्याच्या पायथ्याशी तशीच,
मग झुलती खुर्ची,
मग ते दिवे लागणारं, गाणारं काहीतरी.
सात तास.
सात तासांत माझ्या मुलाला
एकदाही कूस बदलता आली नव्हती.

आंघोळीला डोकं हातात घेतलं तर मागून चपटं,
शेतात पडल्या पडल्या वाढलेल्या भोपळ्यासारखं,
जमिनीकडची बाजू.

गाडीत ती सीट त्याचा जीव राखते, कबूल.
गाडीबाहेर तिचं काय काम?

धान्याच्या कोठाराजवळ थांबतो. खट्. पट्टा सुटतो.
खांद्यावर वळ.
वाऱ्याने चादर उडते,
चार कोपऱ्यांवर आमचे चार बूट.
पालथा ठेवल्याबरोबर तो रडतो,
मान उचलतो, डुगडुगतो,
नाक चादरीत.
पुन्हा.

लांबून ट्रकचा भोंगा.
ओरेस्ट डावीकडे बघतो.
डावीकडे! जिकडे कधी वळतच नाही.

तिकडे आजीचं बिटाचं सूप आटत असणार.
"अजून पाच मिनिटं," डार्सीच म्हणते,
मोज्यांनिशी गवतात उभी.
बूट काढून घ्यायची घाई कुणालाच नाही.