डाग

मआसूमाबाईंनी कापसातून काढून
कडं ठेवलं माझ्या काट्याशेजारी.
मनामाच्या सोनारगल्लीत, ठिबकत्या एसीखाली,
बावीसशे वर्षांची चांदी:
काळी, जांभळट, कडेला हिरवी.
तांबं फार घातलंय, मी म्हटलं.
त्या म्हणाल्या, ग्रीक आहे.
असेल. कस कमीच आहे.

दोन टोकांना दोन मेंढ्यांची मुंडकी
एकमेकांकडं बघत, मधे बोटभर फट.
तिथून मनगट आत जायचं.
कुणाचं, ते कळलं नाही. थडग्यात
हाडांचा चुरा होता, आणि हे.

संग्रहालयाला हुबेहूब नक्कल हवी होती.
मी हुपरीचा. पैंजणांत हयात गेली,
मेंढा कधी केला नव्हता.
शुक्रवारी बंदरावर जाऊन आलो.
ईदच्या आधीचं जहाज लागलेलं,
मजल्यावर मजले मेंढरं,
जमिनीवर उतरली तरी
डोळ्यांत अजून पाणी हलत होतं.
परत येऊन भिंगाखाली बघितलं,
तर तोच डोळा.
म्हणजे त्यानंही मेंढा कुरणात नव्हे,
गलबतावरच बघितलेला.

पहिली नक्कल बाईंनी परत आणली.
सुबक आहे, म्हणाल्या, पण हा तो नाही.
रात्री शटर ओढून
लोकरीचा वळसान्‌वळसा मोजला.
छिन्नीचे घाव त्याचे सगळे उजवीकडं कललेले.
माझे डावीकडं.

डावखुरा!
मी एकटाच मोठ्यानं हसलो दुकानात.

तवनाप्पामामानं माझा डावा हात
भात्याच्या दांडीला बांधला होता
दिवाळीपासून शिमग्यापर्यंत,
उजव्यानं हातोडी धरेस्तोवर.
ह्याचा कुणी बांधला नव्हता,
किंवा बांधलेला सुटला असेल
एवढ्या समुद्रात.

हातोडी डाव्या हातात घेतली. पंचावन्नाव्या वर्षी.
पहिले चार ठोके अंगठ्यावर.
मग लोकर आपसूक वळू लागली,
आणि एका मेंढ्याचं शिंग
त्याचं जिथं घसरलंय, तिथंच घसरलं.
मी मुद्दाम नाही केलं.

बाई दोन्ही कडी बघत राहिल्या.
मग बिल मागितलं.
चांदी बेचाळीस ग्रॅम, तूट दीड.
घडणावळीपुढं पेन अडलं,
ती जागा तशीच सोडली.

काहीतरी बोलायचं म्हणून सांगितलं,
आमच्यात दागिन्याला डाग म्हणतात.
आणि ह्या काळ्या पडलेल्या जागेला?
त्यालाही डागच.
त्यांनी वहीत टिपून घेतलं, अरबीत,
उजवीकडून डावीकडं,
न अडखळता.