निरंक

घणसोलीच्या नाक्यावर, मेडिकलला लागून
माझं झेरॉक्सचं दुकान. लॉटरी निघाली
की पाटी बाहेर येते: घराचे फॉर्म भरून मिळतील.
खाली बारीक अक्षरात, घर मिळेलच असं नाही.
ही दुसरी ओळ माझी स्वतःची.

लोक येतात, साडीच्या दुकानाच्या पिशवीत
जन्माचे सगळे कागद घेऊन.
मी सांगतो, एप्रिल ते मार्च,
नवऱ्याचं अधिक बायकोचं.
भावाचं नको, मेव्हण्याचं तर नकोच.
मग गट. अत्यल्प, अल्प, मध्यम, उच्च.
अत्यल्प म्हणजे? कोणीतरी विचारतंच.
अति आणि अल्प, मी म्हणतो,
एकाच खोलीत राहणारे दोघे.
हसतात. मग हळूच, आम्ही बसू ना त्यात?

बसायचं असतं सगळ्यांना,
सहाआसनीत सातवा बसतो तसं,
अर्धं अंग बाहेर ठेवून.

हिंदुराव शेलार बुधवारी आले.
तुर्भ्याला कांदा-बटाट्यात माथाडी.
गोण टेकते तिथली कातडी
वेगळ्याच माणसाची वाटते.
उत्पन्नाचा दाखला लॅमिनेट केलेला.
कशाला हो? तर म्हणाले, घामानं शाई उतरते.
आकडा रेघेच्या खाली, ऐसपैस,
वर नव्वद हजारांची जागा मोकळी.

पुढचा रकाना: पत्नीचे उत्पन्न.
बोटांना सवय आहे, विचारायच्या आधीच टाईप होतं
निरंक.

मागे शालनवहिनी उभ्या होत्या.
काय लिहिलं ते?
म्हटलं, काही नाही, असं लिहिलं.
काही नाही कसं?

ऐरोलीला तीन फ्लॅटांत कंपनीतली पोरं राहतात.
त्यांचं पीठ, त्यांचा गॅस, हात यांचे.
रोज साठ पोळ्या, पाच रुपयाला एक.
महिन्याचे सव्वीस दिवस, रविवारी पोरं बाहेर खातात.
मी कॅलक्युलेटर शोधेपर्यंत त्या म्हणाल्या,
त्र्याण्णव हजार सहाशे.

म्हणजे रेघेच्या वर तीन हजार सहाशे.

हिंदुराव म्हणाले, अगं रोकड आहे ती, कोण विचारतंय.
मीही म्हणालो. खरं तर मीच जास्त म्हणालो.
वरच्या गटाला अनामत जास्त, घरं थोडी,
हप्ता तर विचारूच नका.
सातशे वीस पोळ्यांसाठी, वहिनी?
बारा दिवस आजारी होता असं समजा की.

आजारी नव्हते मी.
आषाढात ताप होता, तरी गेले होते.
सात वर्षं लाटतेय, एका कागदावर नाही.
मळताना तीन किलो पीठ असतं, भाऊ,
तेव्हा नसतं ते निरंक.

दुकानातला पंखा कधीचा करकरतोय.
मागे रांगेतलं कुणीतरी खाकरलं.
हा शब्द मी इथे बसून
चारशे वेळा तरी लिहिला असेल.
शिवणाऱ्या, भाजी निवडून देणाऱ्या,
दुसऱ्यांची बाळं सांभाळणाऱ्या, सगळ्यांच्या पुढे.
दोन वर्षांपूर्वी माझ्याही अर्जावर.
स्नेहल तेव्हा इथेच, या खुर्चीवर बसायची,
दुपारचं दुकान तिचंच.
नंबर लागला नाही. तिनं न वाचता सही केली होती.
तिला मी अजून सांगितलेलं नाही.

खोडलं. आकडा टाकला.
गट आपोआप बदलला, मशीनला त्याचं काही नाही.
अनामतीतला फरक ऐकून हिंदुराव
भिंतीवरच्या पासपोर्ट फोटोंच्या दराकडे बघत राहिले.
वहिनींनी बटव्यातून नोटा काढल्या,
घड्यांच्या कडेला पीठ.

प्रिंट किती? दोन, त्या म्हणाल्या,
एक ह्यांच्या फायलीत.
दुसरी लॅमिनेट करा.

केली. गरम होती, तशीच हातात घेतली,
बोटानं एक ओळ शोधली, आणि पिशवीत घातली.

किती झाले?
तीस रुपये, म्हटलं.
सहा पोळ्या, त्या म्हणाल्या, आणि मोजून दिले.