शेवटी गोठते ती जागा

हेनिंग ड्रेव्हस आज प्रयोगशाळेत आलाय
टोपी हातात घेऊन, बूट पुसून.
सदतीस वर्षांत पहिल्यांदा.
"माझाच आहे ना?" विचारतो.
पात्याच्या मुळाशी ठोकलेला आकडा मी वाचलाय,
ओतल्याची तारीखही.
बस म्हणते.

खिडकीबाहेर तळं गोठतंय, काठाकडून आत.
मधे एक काळा तुकडा अजून उघडा,
तिथे बदकांची दाटी.
कासंही असंच गोठतं.
साच्याच्या भिंतीला टेकलं की थिजायला लागतं,
पात्याची कड तर बघता बघता,
दाणे खसखशीसारखे.
मधला गड्डा मात्र दिवसच्या दिवस ऊब धरून असतो,
तिथले दाणे निवांत फुगतात, वाटाण्याएवढे,
आणि ताण आला की आधी तेच दमतात.
एकाच भट्टीचं, एकाच दिवशीचं कासं.

गोठताना धातू आकसतो. त्याला इलाज नाही.
म्हणून साच्यावर एक जादा डोकं ठेवायचं.
त्यानं सगळ्यांच्या नंतर थिजावं,
खालच्याला घोट घोट पाजत राहावं,
सगळ्यांचं आकसणं आपल्या पोटात घालावं
आणि शेवटी करवतीखाली जावं,
पुढच्या भट्टीत वितळायला.
आमची आई, हेनिंग एकदा बिअर पिताना म्हणाला होता.
मग फुटबॉलवर बोलत बसला.

त्या मार्चमध्ये त्यानं ते डोकं एक वीत कमी ठेवलं.
तांबं महागलं होतं, वरून चिठ्ठी आली होती,
चिठ्ठीवर सही नव्हती.
फेरीबोट एकोणीस वर्षं बाल्टिकमधून जात-येत राहिली.
परवा पातं गळालं.
माणसं सुखरूप आहेत, हे त्याला कुणीतरी सांगितलंय,
तरी तो मला पुन्हा विचारतो.

मी सूक्ष्मदर्शकापुढची खुर्ची सोडते.
मोडीच्या मधोमध पोकळी, करंगळीच्या नखाएवढी.
फोकस तो स्वतःच फिरवतो,
जाड बोटांनी, फार हळू.
"झाडं आहेत," म्हणतो.

आहेत. फांदीला काटकोनात फांदी,
तिला डहाळ्या, टोकं गोल, स्वच्छ,
जशी वाढली तशीच थांबलेली.
"चांगल्या ओतीवातही असतात," मी सांगते,
"पण शेवटचा रस फटीफटीत शिरतो,
फांद्या एकमेकींना भिडतात,
मग झाड असं दिसत नाही.
इथे भरायला काही उरलं नव्हतं."

तो डोळा काढत नाही.
किती वेळ, ते मी मोजलं नाही.
अहवालात लिहायचं ते मी लिहिलंय:
आकसाची पोकळी, पोषण अपुरं.
चिठ्ठीचं लिहायला रकाना नाही.
समासात लिहिलं.

उद्या अकरा टनांची ओत आहे.
दाराशी थांबून त्यानं हातानं उंची दाखवली,
छातीपर्यंत.
मी मान डोलावली.
त्यानं हात आणखी थोडा वर नेला.