तिसरी भाजी

कडीना गावात संध्याकाळच्या जेवणाला चहा म्हणतात.
चहा झाला का, असं कुणी विचारलं
तर नेव्हिल ट्रेगेन्झा सांगतो: हो, दोन चॉप्स, बटाटा, गाजर,
आणि जरा थांबून, वाटाणे.

वाटाणे त्याला आवडत नाहीत.
बावन्न वर्षं त्याने ते काट्याच्या पाठीने
ताटाच्या कडेला लोटले,
आणि डेल्विनने बोलता बोलता
आपल्या ताटात ओढून घेतले.
इतकी भांडणं झाली, पण वाटाण्यांवरून एकही नाही,
हे त्याने परवा बेकरीत थुईला सांगितलं
सुटे पैसे मोजत, मागे रांग खोळंबलेली असताना.

थुईच्या हातची पास्टी.
तिच्या वडिलांनी ती एका म्हाताऱ्या बेकरवाल्याकडून
दुकानासकट विकत घेतली होती.
नेव्हिलचा पणजोबा हीच घेऊन तांब्याच्या खाणीत उतरायचा:
मांस, बटाटा, कांदा, सलगम,
आणि करंजीसारखी जाड मुरड,
जी धरून खायचं आणि शेवटी टाकून द्यायचं,
हात विषारी मातीचे असत म्हणून. असं सांगतात.
नेव्हिल मुरडही खातो.
थुई मिरी थोडी जास्त घालते.
अजून कुणी तक्रार केलेली नाही.

सकाळचं काही अडत नाही.
टोस्ट, लोणी, वर व्हेजिमाइट,
किती, तर डोळ्यात काजळ घालावं इतकंच.
(नवखे जॅमसारखं थापतात
आणि मग देशालाच नावं ठेवतात.)
दुपारी हॅमचं सँडविच, त्यात डब्यातलं बीट,
पाव गुलाबी होईपर्यंत.
तेही सिंकपाशी उभ्या उभ्या, ताट विसळायला नको.

संध्याकाळ मात्र वार बघून येते.
रविवारी कोकराची तंगडी भाजायची;
पण एकट्यासाठी कोण ओव्हन पेटवतो?
रविवार गेला, तसा सोमवारही गेला,
कारण सोमवारी रविवारचं उरलेलं असायचं.
शुक्रवार टिकलाय.
वॉलरूच्या धक्क्यावर मासा आणि चिप्स,
वर चिकन सॉल्ट, ज्यात कोंबडी नसते.
सगळ्यात लहान पुडकं मागितलं
तरी ते दोघांचंच निघतं.
सीगल्सना खायला घालू नये अशी पाटी आहे.
तो पाटीकडे पाठ करून बसतो.

जानेवारीतल्या एका बुधवारी उष्मा त्रेचाळीसवर गेला
आणि दुपारी तीनला वीज गेली.
सहापर्यंत गल्लीतल्या सगळ्या फ्रीझरांना घाम फुटला.
डॅरिलने गॅसचा बार्बेक्यू फुटपाथवर ओढून आणला,
म्हणाला, जे वितळतंय ते आणा.
सॉसेज आली, कुणाचा ख्रिसमसपासून दडवलेला हॅम,
मासे, कांगारूच्या मांसाची दोन पाकिटं
जी घरात कुणीच खात नव्हतं,
आइस्क्रीम, ते आधी संपवा.
पांढरा पाव, कांदा, सॉस, बोटं चाटणं.
ताटांची कुणी आठवणही काढली नाही.

नेव्हिलच्या फ्रीझरमध्ये वाटाणेच होते.
चार पिशव्या; त्यातली एक त्याच्या गुडघ्यावर ठेवायची.
उरलेल्या तीन त्याने पातेलंभर शिजवून आणल्या,
लोणी घालून, चिमूटभर साखर घालून, तिच्यासारख्या.
लोकांनी छान छान म्हटलं. मुलांनी नेम धरून एकमेकांना मारले.
पातेलं जवळजवळ भरलेलंच घरी आलं.

अंधारात पायरीवर बसून,
पातेलं मांडीवर, उत्तरेचा वारा अजून भट्टीचा,
त्याने चमचा घातला.
मग आणखी एक.

गोड होते.
हे तिने एकदा तरी
सांगायला हवं होतं, तो मोठ्याने म्हणाला,
आणि पलीकडच्या कुंपणाआडून डॅरिल म्हणाला, काय रे?

काही नाही.

पहाटे वीज आली. गुरुवार.
सॉसेज, बटाटा, गाजर.