डावा हात

चौगुले सरांनी पहिल्याच शनिवारी सांगितलं,
स्काउट हात मिळवतो तो डावा.
वर्गात खसखस पिकली.
आमच्या उत्तरेश्वर पेठेत
डाव्या हातानं घेतलेला गुळाचा खडासुद्धा
आई परत ठेवायला लावायची.

मग सलामी. अंगठ्याखाली करंगळी,
तीन बोटं ताठ, भुवईशी.
माझी करंगळी सारखी निसटायची.

गळपट्टा विसरलो म्हणून सांजेला परत गेलो.
मैदानात केरबा शिपाई एकटाच,
झेंडा उतरवत.
उजवा हात गुऱ्हाळाच्या चरकात गेलेला,
बाही कोपराशी दुमडून टाचलेली.
डाव्यानं दोरी वीतभर सोडायचा,
काखेत दाबून धरायचा,
पुन्हा वीतभर.
कापड खाली आलं तसं
त्यानं ते छातीवर झेललं.
धुळीला टोक लागू दिलं नाही.
मग ताठ झाला,
आणि ती टाचलेली बाही
जराशी वर गेली.
जाईल तेवढीच.

मी जवळ गेलो. काय बोलावं सुचेना.
डावा हात पुढं केला.

"थांब लेका," केरबा म्हणाला,
"आधी ह्येचं दुसरं टोक धर."